बिडाचा मॅनिफोल्ड ठेवावा की हेडर बसवावा?

(या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे जुन्या चारचाकी-ओढीच्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाड्यांच्या एक्झॉस्टविषयीच आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतर तिन्ही पत्रांची मुळे त्यातच आहेत.)

प्रश्न : माझ्याकडे १९७८ साली तयार झालेली टोयोटा लँड क्रूझर एफजे ४० असून मूळचे सहा सिलिंडरचे ‘२ एफ’ पेट्रोल इंजिन अजून तिच्यात आहे. महामार्गावर मी ती जवळजवळ नेतच नाही. नदीपात्रातले गोटे, चिखल आणि उभे चढ यांतच ती लो रेंजमध्ये (जास्त ओढीच्या मंद गिअरमध्ये) चालते. काही महिन्यांपासून सकाळी इंजिन चालू केले की ‘टिक्‌-टिक्‌’ असा आवाज येतो आणि पाच-सात मिनिटांनी तो नाहीसा होतो. मेकॅनिकने पाहिले तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (सिलिंडरांतला जळालेला वायू गोळा करून मागच्या नळीत सोडणाऱ्या बिडाच्या ओतीव भागाचा) मागच्या टोकाचा स्टड (तो इंजिनाला आवळून धरणारा आटेदार दांडा) तुटलेला आढळला. जुने बीड फेकून द्या आणि नळ्यांचा हेडर (प्रत्येक सिलिंडरला वेगळी पोलादी नळी असलेला पर्याय) बसवा, आवाजही जाईल आणि ताकदही वाढेल, असे त्याचे म्हणणे आहे. माझा एक मित्र मात्र मूळचा भाग काढू नकोस म्हणून बजावतो. दोघेही अनुभवी आहेत. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या पत्रात गळती आणि ताकद असे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि मेकॅनिकने दोन्हींना एकच औषध सांगितले आहे. ते वेगळे केले की निर्णय बराच सोपा होतो.

आधी गळतीचे पाहू. गार इंजिनावर येणारा आणि तापल्यावर जाणारा असा आवाज बहुतेक वेळा मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरांवरचे झाकण) यांच्या जोडातून निसटणाऱ्या वायूचा असतो. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज असता, तर इंजिन तापल्यावर तो असा पुरता थांबला नसता. खात्री करून घ्यायची असेल तर रात्रभर थंड झालेले इंजिन चालू करून पहिल्या मिनिटातच, बीड तापण्यापूर्वी, पंखा आणि पट्टा सांभाळून जोडाजवळ तळहात धरावा. गळती असेल तिथे ठोक्या-ठोक्याला बारीक फुंकर लागते. इंजिन बंद करून टॉर्चने पाहिले तर त्याच जागी गॅस्केटच्या (जोडातून गळती होऊ नये म्हणून मधे घातलेल्या चकतीच्या) कडेपासून हेडवर पसरलेली काजळीची काळी जीभ दिसते. आपल्या गाडीत ती सहाव्या सिलिंडरपाशी, म्हणजे तुटलेल्या स्टडच्या शेजारीच, सापडेल असा माझा अंदाज आहे.

स्टड टोकाचाच का तुटला, हे समजून घेण्याजोगे आहे. सुमारे ७० सेंटिमीटर लांबीचे बीड ४०० अंशांनी तापले, तर ते जवळजवळ ३ मिलिमीटर लांबते. ज्या हेडवर ते आवळलेले असते, ते मात्र पाण्याने थंड होत राहिल्यामुळे ८०-९० अंशांनीच तापते, आणि तेवढ्याच लांबीत त्याची वाढ पाऊण मिलिमीटरही भरत नाही. मधला भाग जागचा हलत नाही असे धरले, तर प्रत्येक टोक दर वेळी मिलिमीटरभराहून अधिक सरकून परत येते. म्हणूनच मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा सैल ठेवलेली असतात आणि वॉशर जाड असतात, म्हणजे बीड वॉशरखालून घसरू शकेल. नट गंजून जाम झाले, किंवा गळती थांबेल या आशेने कोणी ते अति आवळले, की हे घसरणे थांबते. मग बीड वाकते, तडकते किंवा स्टड तोडते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे हे सोसल्यावर मॅनिफोल्डची टोके हेडपासून किंचित उचलली जातात, आणि केवळ नवे गॅस्केट घालून ती खाली बसत नाहीत.

आता हेडरने हे दुखणे जाईल का? पोलाद तापल्यावर बिडापेक्षा थोडे जास्तच लांबते, त्यामुळे सरकण्याच्या जाचातून हेडरही सुटत नाही. नळ्या पातळ आणि लवचिक असल्याने त्या काही ताण झेलतात, एवढाच त्याचा फायदा. सहाही तोंडे एकाच लांब पट्टीवर वेल्ड केलेली असतील तर तोही बराचसा हातचा जातो.

आपल्या इंजिनात आणखी एक अडचण आहे, जी दुकानातल्या खोक्यावर छापलेली नसते. ‘२ एफ’मध्ये इनटेक (हवा-पेट्रोलचे मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला असून त्यांना एकच गॅस्केट आणि बहुतांशी सामाईक स्टड आहेत. एका वॉशरचा एक काठ इनटेकच्या कानावर (स्टडजवळ बाहेर आलेल्या भागावर) आणि दुसरा एक्झॉस्टच्या कानावर दाबून बसतो. दोन्ही कानांची जाडी सारखी असेल तरच दोन्हींवर सारखा दाब येतो. हेडरची पट्टी मूळच्या बिडापेक्षा पातळ निघाली, तर वॉशर तिरका बसतो, इनटेक घट्ट होतो आणि हेडर सैल राहतो. हेडर बसवल्यावर महिनाभरात पुन्हा टिक्‌-टिक्‌ सुरू झाल्याची जी रडगाणी ऐकू येतात, त्यांतली बरीच या वॉशरपाशी येऊन थांबतात. उपाय आहे: दोन्ही जाड्या व्हर्नियरने मोजून पायरीचे वॉशर करून घ्यावे लागतात. पण हे काम करण्याची ज्या कारागिराची तयारी आहे, तो जुने बीडही तितक्याच निगुतीने सरळ करून देऊ शकतो.

ताकदीचा मुद्दा अधिक रंजक आहे, आणि तिथे मेकॅनिक पूर्णपणे चुकीचा नाही. सहा सिलिंडरच्या या इंजिनात ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे, म्हणजे क्रँकच्या दर १२० अंशांना एक सिलिंडर एक्झॉस्ट सोडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ उघडा राहतो. सहाही तोंडे एकाच आखूड ओतीव डब्यात उघडत असल्याने एका सिलिंडरचा झोत शेजारच्या अजून उघड्या असलेल्या तोंडात काही अंशी परत शिरतो. हेडरमध्ये पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांच्या नळ्या वेगळ्या ठेवल्या, तर प्रत्येक गटात दोन झोतांमध्ये २४० अंशांचे अंतर पडते आणि ही धक्काबुक्की थांबते. हा फायदा खरा आहे.

‘नळ्यांमुळे वायू ओढून घेतला जातो’ म्हणून जो दुसरा फायदा सांगतात, त्याचा हिशेब मात्र वेगाच्या फेऱ्यांवर चालतो. व्हॉल्व्ह उघडताच निघालेली दाबाची लाट नळीच्या मोकळ्या टोकाशी पोहोचून तिथून ओढ घेऊन परतते. ही ओढ इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात त्या क्षणी पोहोचली, तर सिलिंडर चांगला झाडला जातो. तापलेल्या एक्झॉस्टमध्ये लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरला आणि मधले अंतर क्रँकचे सुमारे २३० अंश धरले, तर मिनिटाला ६००० फेऱ्यांना त्यासाठी दीड-पावणेदोन मीटर लांबीची नळी लागते. २००० फेऱ्यांना हीच लांबी पावणेपाच-पाच मीटर होते. बाजारात मिळणाऱ्या हेडरच्या नळ्या मीटरभरही लांब नसतात. आपले ४२३० घन सेंटिमीटरचे इंजिन कंपनीच्या आकड्यांनुसार सुमारे २८५ न्यूटन-मीटर एवढा कमाल टॉर्क १८०० फेऱ्यांनाच देते आणि सुमारे १३५ अश्वशक्तीची कमाल ३६०० फेऱ्यांना गाठते. गोट्यांवरून चढताना आपण १००० ते २००० फेऱ्यांच्या मधेच असणार. तिथे या आखूड नळ्यांची ‘ओढ’ आपल्या पायाला जाणवेल, असे मला वाटत नाही. जाणवेल तो आवाजातला फरक, आणि मोठ्या आवाजाची गाडी चालकाला नेहमीच जोरकस वाटते.

याउलट हेडर बसवताना एक गोष्ट हातची जाते. मूळच्या रचनेत इनटेक हा एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतो आणि मधल्या खिडकीतून गरम वायू कार्ब्युरेटरच्या तळाला शेकतो. गार असताना किती शेकायचे आणि तापल्यावर किती, हे एक झडप ठरवते, जी द्विधातूच्या स्प्रिंगवर आपोआप फिरते. लांबच लांब इनटेकमध्ये पेट्रोलचे थेंब भिंतींना चिकटून पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरला मिश्रण पातळ मिळू नये, यासाठी ही शेक आहे. मंद गतीने, अर्धवट दाबलेल्या पॅडलवर चालणाऱ्या गाडीला तिची गरज सर्वांत जास्त असते. आपली गाडी नेमकी तशीच चालते.

तेव्हा माझे मत असे, की बिडाला तडा नसेल तर तोच मॅनिफोल्ड दुरुस्त करून बसवावा. फक्त तो नीट बसवावा, म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण सारे यश त्यातच आहे.

तुटलेल्या स्टडचा बुंधा हेडबाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करावा, लालबुंद झालेला जोड थंड होऊ द्यावा आणि मग पाना लावून हळूहळू पुढे-मागे फिरवत काढावा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज सुटतो. बुंधा आत गेला असेल तर ड्रिलचे काम मशीन शॉपमध्येच करून घ्यावे, घरी प्रयोग करू नये. नंतर इनटेक आणि एक्झॉस्ट यांना जोडणारे बोल्ट सैल ठेवून दोन्ही भाग मधल्या नव्या गॅस्केटसह हेडवर हलके आवळावेत, म्हणजे ते एकमेकांच्या ओळीत येतात. मग ते जोडबोल्ट घट्ट करून संपूर्ण जोडी एकत्रच काढावी आणि एकत्रच फेसिंगला (तोंडे घासून सपाट करायला) द्यावी. हे ‘एकत्रच’ मी दोनदा लिहिले आहे, कारण माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीच्या वेळी एका वर्कशॉपने दोन्ही भाग वेगवेगळे घासून दिले होते. प्रत्येक भाग आरशासारखा सपाट होता. जोडल्यावर मात्र दोघांच्या तोंडांत नखाला लागेल एवढी पायरी निघाली. पोलादी पट्टी टेकवून फिलर गेज सरकवले तेव्हा ०.३ मिलिमीटरचे पान आरपार गेले. तोवर एक गॅस्केट जळून गेले होते.

बसवताना नट मधून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळावेत, पहिल्यांदा पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत आणि त्यानंतर उगाच पाना लावू नये. पितळी नट वापरले तर पुढच्या वेळी स्टड उपटण्याची वेळ येणार नाही. शेक देणारी झडप बोटाने मोकळी फिरते ना, तेही त्याच वेळी पाहावे. ती शेक देण्याच्या स्थितीतच अडकली असेल तर कार्ब्युरेटरखाली पेट्रोल उकळते, आणि दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरला दिला जातो.

एवढे करूनही गाडी जड वाटली, तर हेडरकडे वळण्यापूर्वी मागची नळी आणि सायलेन्सर तुंबले नाहीत ना, हे तपासावे. इनटेकला व्हॅक्यूम गेज जोडल्यास धडधाकट इंजिन संथ फिरताना १७ ते २१ इंच पारा दाखवते. उंचीवर राहत असाल तर दर ३०० मीटरला सुमारे एक इंच वजा धरावा. इंजिन २५०० फेऱ्यांवर धरून ठेवले असता काटा आधी सावरून मग हळूहळू खाली घसरत राहिला, तर पुढे कुठेतरी वाट अडली आहे. दगडावर आपटून चेपलेली नळी हे जंगलात फिरणाऱ्या गाडीत नेहमीचे कारण असते, आणि ती बदलली की हेडरने जे मिळेल असे सांगितले होते, त्यातले बरेचसे मिळून जाते.

प्रश्न : माझ्या जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीत आधीच्या मालकाने हेडर बसवला आहे. थंडीत चोक बंद केला की इंजिन खोकते, आणि पॅडल पटकन दाबले तर क्षणभर मरगळते. कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला, फरक नाही. हेडर काढून टाकावा का?

उत्तर : इतक्यात काढू नये. वर सांगितलेली इनटेकची शेक आपल्या गाडीत उरलेली नाही, हे पहिले संशयस्थान आहे. हेडर बसवताना इनटेकच्या तळाची खिडकी पत्र्याने बंद करतात; त्यामुळे पेट्रोलचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते, पण तिची भरपाई होत नाही. इंजिन दहा मिनिटे चालवून इनटेकच्या तळाला हात लावून पाहावा. तो गारच लागला, किंवा दमट हवेत त्यावर दव धरलेले दिसले, तर निदान झालेच. तळाच्या पत्र्याऐवजी रेडिएटरचे गरम पाणी खेळवणारी पोकळ पेटी बसवता येते. हीटरच्या नळीतून तिला जोड देतात, आणि सहसा तेवढ्याने खोकणे थांबते.

त्याआधी इनटेकचे गॅस्केट तपासावे, कारण तिरक्या वॉशरचा दोष उलट बाजूलाही होऊ शकतो. संथ फिरणाऱ्या गार इंजिनावर जोडाच्या कडेने कार्ब्युरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा द्यावा; एखाद्या जागी फेऱ्या बदलल्या, तर तिथून बाहेरची हवा आत जाते आहे. तापलेल्या हेडरजवळ हा प्रयोग मुळीच करू नये, कारण ते द्रव पेट घेते. गळती नसेल आणि शेकही मिळत असेल, तरच कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोके) बदलण्याचा विचार करावा.

प्रश्न : बिडाच्या मॅनिफोल्डला तडा गेला असेल तर वेल्ड करून चालते का?

उत्तर : चालते, पण सहजासहजी नाही. बीड एकाच जागी तापवले की शेजारी नवा तडा जातो. म्हणून तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे सरकणार नाही असे करतात, अख्खा भाग आधी चांगला तापवून घेतात, निकेलची कांडी वापरून थोडे-थोडे वेल्ड करतात आणि मग तो वाळूत किंवा राखेत पुरून तासन्‌तास हळूहळू थंड होऊ देतात. हे सर्व करणारा कारागीर मिळाला, तडा एकच असला आणि तो तोंडाच्या सपाट भागात शिरलेला नसला, तर करून पाहावे. वेल्डिंगनंतर फेसिंग पुन्हा करावेच लागते.

तडे दोन-तीन असतील तर मात्र तो मॅनिफोल्ड निवृत्त करावा. चांगला मूळचा भाग मिळाला तर उत्तम. नाही मिळाला, तर हेडर घेण्याचे हे सर्वांत प्रामाणिक कारण आहे, आणि अशा वेळी बारीक नळ्यांचा, जाड पट्टीचा हेडर निवडावा. रुंद नळ्यांत वायूचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांतला उरलासुरला फायदाही जातो. गाडीच्या नोंदणीच्या ठिकाणी धुराचे आणि आवाजाचे नियम मूळच्या एक्झॉस्टमध्ये बदल करू देतात का, हेही खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. तोवर तडा गेलेली गाडी चालवायची असेल, तर काचा उघड्या ठेवाव्यात. बॉनेटखाली निसटलेला कार्बन मोनॉक्साइड जुन्या गाडीच्या फायरवॉलमधल्या (इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधल्या पत्र्यातल्या) तारांच्या आणि पॅडलच्या भोकांतून आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि लांबच्या प्रवासात डोके दुखू लागले तर ते थकव्याचेच असेल असे समजण्यात मोठा धोका आहे.

प्रश्न : हेडरवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी असे सुचवले जाते. माझी गाडी वरचेवर पाण्यातून जाते. काय करावे?

उत्तर : साध्या पोलादाच्या हेडरवर पट्टी गुंडाळू नये. ती पाणी आणि चिखल धरून ठेवते, नळी आतून धगधगत आणि बाहेरून ओली राहते, आणि वेल्डच्या कडेने गंज लागतो. पट्टीमुळे तो दिसतही नाही, एके दिवशी बोट दाबले तर आत जाते. उष्णता आवरायचीच असेल तर सिरॅमिकचा थर दिलेला हेडर घ्यावा, किंवा पेट्रोलची नळी आणि ब्रेकची नळी यांच्यापुढे, दोहोंमध्ये हवा खेळेल एवढे अंतर सोडून, पत्र्याची ढाल लावावी. बिडाचा मॅनिफोल्डही लालसर तापलेला असताना थंड पाण्यात गेला तर तडकू शकतो. मोठा चढ चढून आल्याबरोबर गाडी पाण्यात घालू नये. काठावर थांबून इंजिन पाच मिनिटे संथ फिरू द्यावे आणि तेवढ्या वेळात पायी उतरून पाण्याची खोली काठीने पाहून घ्यावी.